मध्यंतरातली गोळी

कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला नटांची अंगं पाठ असतात. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाला कॉलर टोचते, कुणाची कंबर दिवाळीनंतर दोन बोटं वाढते, हे मापांच्या वहीत लिहिलेलं असतं आणि वहीबाहेर जात नाही. औषधंही आम्हाला कपड्यांतूनच कळतात. स्टेरॉइड सुरू झालेल्या माणसाचा आधी चेहरा सुजतो, मग गळा घट्ट होतो. मनाच्या आजाराची औषधं तर अंगावर फार लवकर दिसतात, पण त्यांच्याबद्दल रंगपटात कुणी चकार शब्द काढत नाही. मी ती औषधं घेते. आमच्या युनिटमधल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिला किस्सा मात्र माझा नाही. मी नुकती कपडेपटात लागले होते तेव्हाचा, एका बुजुर्ग नटाचा. ते आता नाहीत. विंगेत त्यांचा पाय एका जागी ठरायचा नाही. या पायावरून त्या पायावर, पुढच्या विंगेतून मागच्या विंगेत, सतत फेऱ्या. एंट्रीच्या आधी त्यांच्या धोतराच्या निऱ्या सैल झालेल्या असायच्या आणि त्या पुन्हा बसवणं माझ्याकडे असायचं. सगळे म्हणायचे, इतके प्रयोग झाले तरी काका अजून टेन्शन घेतात, खरा कलावंत! एकदा निऱ्या खोचून देताना ते हळूच म्हणाले, "टेन्शन नाही गं पोरी. इंजेक्शन घेतलं की पाय माझं ऐकत नाहीत. बसलो तर आतून कुणी उठवतंय असं होतं."

त्याला अकॅथिझिया म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी तो बऱ्याच जणांना होतो. बघणाऱ्याला ती माणसाची अस्वस्थता वाटते, प्रत्यक्षात ती औषधाची असते. कधीकधी डॉक्टरलाही आजारच वाढला असं वाटतं आणि डोस आणखी वाढतो. काकांच्या कागदांवर तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया लिहिलेलं होतं. उतारवयात एका नव्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला समोर बसवून सगळा इतिहास पहिल्यापासून विचारला, तेव्हा ते बायपोलर निघालं. औषध बदललं, काही आठवड्यांत पाय थांबले. निऱ्या शेवटपर्यंत जागेवर राहू लागल्या. मला वाटलं, काका खूश असतील. ते म्हणाले, "बरं वाटतंय. पण मग आधीची सगळी वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे तोच प्रश्न माझ्याकडे आला.

काकांच्या बाबतीत झालं ते विरळा नव्हतं. १९७२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या निदानांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त व्हायचं, आणि लंडनमध्ये त्याच तऱ्हेच्या पुष्कळ रुग्णांना मॅनिक-डिप्रेसिव्ह म्हटलं जायचं. अभ्यासातल्या डॉक्टरांनी दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच पद्धतीने, तेच प्रश्न विचारून तपासलं, तेव्हा हा फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे रुग्ण फारसे वेगळे नव्हते, तपासणाऱ्यांची सवय वेगळी होती. निदान बदललं की घरातले लोक म्हणतात, पहिला डॉक्टर बोगस होता. मला तसं वाटत नाही. मनाच्या आजारात रक्त काढून नाव सांगणारी चाचणी नाही. डॉक्टरसमोर आपण जेवढं मांडतो आणि ज्या दिवसांत मांडतो, त्यावरच नाव ठरतं.

मी दवाखान्यात जायचे ती बुडालेली असतानाच. उठवत नाही, अंघोळ नको, सुईत दोरा ओवायलाही जीव नाही, अशा दिवसांत. चांगल्या दिवसांत दवाखान्यात कोण जातं? त्यामुळे अनेक वर्षं माझ्या फाइलवर डिप्रेशन होतं आणि गोळ्याही त्याच्याच होत्या. त्या गोळ्यांनी गुण यायचा. एकदा जरा जास्तच आला.

ऐतिहासिक नाटक उभं राहत होतं. शुभारंभाच्या आदल्या पंधरवड्यात नाटकाच्या कंपनीत कुणीच धड झोपत नाही. दिग्दर्शक पहाटे फोन करतो, नेपथ्याचे सुतार मंचावरच आडवे होतात, सगळ्यांचे डोळे लाल. अशा गर्दीत एखाद्याला उन्माद चढला तर ओळखणार कोण? मी रात्ररात्र शिवत होते, थकत नव्हते, हिंदमाताच्या बाजारातून जरीचे तागेच्या तागे उधारीवर उचलून आणत होते. सगळे कौतुक करत होते. नव्या पोरांना सांगत होते, ताईंकडून शिका, काम असं करायचं असतं.

आमच्या व्यवस्थापकांना शंका आली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी ते कपड्यांची ट्रंक उघडून यादी तपासत बसले. नट किती, बदल किती, कपडे किती. कपडे जास्त भरत होते. अण्णांनी एक हिरवा शालू वर काढला. "ताई, हा कुणाचा?" मी म्हटलं, राजाच्या आजीचा. नाटकात राजाची आजी नव्हती. एक अंगरखा होता शत्रूकडच्या दिवाणाचा, एक परकर-पोलकं त्याच्या मुलीचं. दिवाण नव्हता, मुलगीही नव्हती. मी अण्णांना प्रत्येकाची हकीकत सांगितली, कोण कुठल्या गावचं, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, शालू घडी करून ठेवला आणि रात्री माझ्या बहिणीला फोन केला. या एका फोनसाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. दहा जण वाहवा करत असताना बेरीज जुळत नाही म्हणणारा माणूस प्रत्येक कंपनीत असायला हवा.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला. झोप लागत नाही, की झोपेची गरजच वाटत नाही? इतकी वर्षं मला कुणी तो विचारला नव्हता, कारण तो विचारावा अशा अवस्थेत मी कधी समोर बसलेच नव्हते. डिप्रेशनची गोळी बंद झाली. लिथियम आणि ओलान्झापिन सुरू झालं. फाइलवर नवं नाव आलं: बायपोलर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एकाच टोकाचं नैराश्य आणि दोन्ही टोकांना झुलणारा आजार हे वेगवेगळे आहेत, असं कार्ल लेओनहार्ड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ मध्ये मांडलं. त्याआधी एमिल क्रेपेलिनच्या वर्गीकरणात दोन्ही एकाच पोत्यात होते. हे भेद औषध ठरवायला लागतात. डिप्रेशनची गोळी एकाला उभं करते आणि दुसऱ्याला कधीकधी उडवून लावते.

पटलं मला. पण घरी आल्यावर काकांचा प्रश्न छातीवर बसला. नाव बदललं की मागची सगळी वर्षं पुन्हा वाचावी लागतात. ज्या कामाला लोकांनी नावाजलं ते माझं, की आजाराचं? बहिणीच्या लग्नात मी एवढी आनंदात होते, तो आनंद खरा होता ना? हे प्रश्न बाहेरच्या माणसाला पोकळ वाटतील. मला त्यांनी कित्येक दिवस जेवू दिलं नाही.

उत्तर सापडलं मापांच्या वह्यांत. वर्षानुवर्षांच्या वह्या मी माळ्यावर बांधून ठेवल्या होत्या. एकेक उघडली तसं दिसत गेलं. काही पानांवर माझं अक्षर बारीक, एका रेषेत. काही ठिकाणी ते मोठं होत जातं, समास ओलांडतं, मापांच्या मध्येच बाण आणि चित्रं येतात. आणि काही महिने माझं अक्षरच नाही, हाताखालच्या मुलीचं आहे. मी वह्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी माझ्यासोबत बसून कागदावर एक लांब रेघ ओढली आणि वहीतल्या तारखांवरून वर-खाली खुणा केल्या. आजाराचा इतिहास माझ्या आठवणीपेक्षा माझ्या अक्षराने जास्त खरा सांगितला. ज्या नाटकाच्या वेशभूषेला सर्वांत जास्त दाद मिळाली होती त्याची पानं बारीक अक्षरातली निघाली, खाडाखोड केलेली, चिकाटीची. एका शेल्याची रंगसंगती मात्र मोठ्या अक्षराच्या पानावर होती आणि ती आजही मला सुंदरच वाटते. काका असते तर ही पानं त्यांना नेऊन दाखवली असती.

आता त्या लिथियमबद्दल. आमच्या धंद्यात पडद्यामागची गोष्ट ऐकल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही, म्हणून मी या गोळीचीही ऐकून घेतली. जॉन केड नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांचा कैदी होता. सुटून आल्यावर तो मेलबर्नजवळ बुंदूरा इथल्या रुग्णालयात लागला. तिथल्या वापरात नसलेल्या एका छोट्या खोलीत त्याने गिनीपिगवर प्रयोग केले. शोधत होता वेगळंच काहीतरी, हाती लागलं लिथियम. आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग १९४८ मध्ये ५१ वर्षांच्या एका माणसाला दिलं, जो वर्षानुवर्षं उन्मादात होता. काही महिन्यांत तो इतका सुधारला की घरी जाऊन पूर्वीच्या नोकरीवर रुजू झाला. १९४९ मध्ये केडने हे छापलं. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. पुढची सांगत नाहीत. तो माणूस घरी गेल्यावर गोळ्या घेईनासा झाला, पुन्हा आजारी पडला, पुन्हा लिथियम सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजत राहण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊने नेटाने अभ्यास करून हे औषध उभं केलं, आणि पातळी मोजायची शिस्त आली म्हणून ते टिकलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. गुण देणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांत इथे फार थोडं अंतर आहे. साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राहायचं, दीडच्या वर गेलं की धोका.

ही पातळी मोजायला रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. आता नाटकवाल्यांचा दिवस बघा. रात्रीचा प्रयोग साडेअकराला सुटतो, कपडे मोजून ट्रंका भरेपर्यंत बारा, जेवायला एक. एक वाजता गोळी घेतली तर रक्त दुपारी एकला द्यायचं, तेव्हा लॅबमध्ये नमुने घेणं बंद झालेलं असतं. डॉक्टरांसमोर मी आमचं वेळापत्रकच मांडलं. त्यांनी सगळी मात्रा रात्रीच्या एकाच वेळेला आणली आणि मी ती वेळ मध्यंतराची ठरवली. प्रयोग साडेआठचा असला की मध्यंतर दहाच्या आसपास पडतं. सकाळी दहाला लॅब उघडी असते. प्रयोग नसेल तेव्हाही गोळी दहालाच. ओलान्झापिन मात्र ट्रंकेला कुलूप लागल्यावरच, कारण त्यानंतर डोळे उघडे राहत नाहीत. आमचा चहावाला पोऱ्या मध्यंतरात सगळ्यांना चहा देतो आणि माझ्यासमोर न सांगता पाण्याचा ग्लास ठेवतो.

हाताचा थरकाप हा लिथियमचा नेहमीचा त्रास. आमच्याकडे एक चेंज होता, नऊवारीतून विधवेच्या पांढऱ्या पातळात, विंगेतल्या अंधारात, मिनिटभरात. ब्लाउजचे हुक पाठीला. नटीच्या पाठीवर माझी बोटं थरथरली आणि हुक बसेना. तिने मान वळवली नाही, फक्त म्हणाली, "ताई, पिन लावा, मी सांभाळते," आणि गेली. त्या प्रवेशात तिने प्रेक्षकांकडे एकदाही पाठ केली नाही. दिग्दर्शकाला वाटलं, तिला नवी हालचाल सुचली. मी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं, कारण "हात थोडे थरथरतात" आणि "माझं काम थांबतं" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांनी आधी पातळी तपासली, चहा किती होतो विचारलं, दमा नाही ना हे विचारून प्रोप्रॅनोलॉलची छोटी गोळी दिली. मी हुक काढून टिचबटणं लावली, दोन ठिकाणी वेलक्रो. आता तो चेंज पूर्वीपेक्षा लवकर होतो.

वजनाचं दुखणं वेगळं. ओलान्झापिनने भूक अशी लागते की जेवून उठल्यावर पुन्हा बसावंसं वाटतं. लोक भेटले की म्हणायचे, "सुख मानवलंय हं तुम्हाला!" माणसं वाईट नसतात, पण हे वाक्य मला फार लागायचं. दुसऱ्यांची मापं घेता घेता मी स्वतःचं माप घेणं सोडून दिलं होतं. ब्लाउजला माया ठेवलेली असतेच, ती उसवत गेले, एक दिवस ती संपली. त्या रात्री गोळी टाकून द्यावी असं तीव्रतेने वाटलं. पुष्कळ जण इथेच औषध सोडतात, घरच्यांना कळतसुद्धा नाही, आणि त्यांच्यावर आळशी, बेजबाबदार असा शिक्का बसतो. हे शिक्के मारणाऱ्यांनी सहा महिन्यांत तीन मापं वाढलेलं शरीर एकदा आरशात बघावं. डॉक्टरांकडे मी वही घेऊन गेले, या वेळी माझ्या स्वतःच्या मापांची. छाती, कंबर, दंड, तारखांसह. मग साखर आणि कोलेस्टेरॉल तपासलं गेलं, ओलान्झापिन हळूहळू खाली आणलं, शेवटी बंद झालं. वजन सगळं उतरलेलं नाही. मी नवे ब्लाउज शिवले, चांगल्या कापडाचे.

सर्वांत मोठा धोका मे महिन्यातल्या विदर्भाच्या दौऱ्यात आला. ट्रंक उचलताना कंबर धरली. तिथल्या एका दवाखान्यात डायक्लोफेनॅक मिळालं, दोन दिवस घेतलं. त्या जोडीला ऊन, बसचा प्रवास, घाम. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. उन्हाचं आहे म्हणून कुणी कांदा दिला, कुणी पन्हं. संध्याकाळी आमचे रंगभूषाकार माझ्याकडे बघत राहिले. चेहरे बघणं हाच त्यांचा धंदा. ते अण्णांना म्हणाले, "ताईंची जीभ जड झालीये. चालताना पाय फेकतायत. आणि हात बघा, हा रोजचा थरथराट नाही." कुणीतरी म्हणालं, घेतली तर नाही ना? अण्णा त्याच्यावर ओरडले आणि गाडी काढायला लावली. रुग्णालयात पातळी दीडच्या वर निघाली. गोळी थांबवली, सलाईन लावलं, मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, मी वाचले.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी लिथियम शरीरात साठतं. पाणी कमी पडलं तरी साठतं, जुलाबात साठतं, मीठ एकदम तोडलं तरी साठतं. आपल्याकडे निर्जळी उपास करणाऱ्या कितीतरी बायका लिथियमवर असतील, त्यांना हे कुणी तरी सांगायला हवं. माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून आता एक कागद चिकटवलेला आहे: कुठली गोळी चालू आहे, दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल, उलट्या-जुलाब झाले तर लिथियम थांबवून लगेच डॉक्टरांना फोन, आणि जीभ जड झाली तर थेट रुग्णालय. शेजारी बहिणीचा नंबर. ज्याला वाचायचा त्याने वाचावा.

नुकतंच एका नव्या नाटकाच्या दिग्दर्शकाने, तरुण मुलगा आहे, मला सांगितलं, "ताई, दुसऱ्या अंकात तिला वेड लागतं. फाटकी साडी, केस मोकळे, ब्लाउज उलटा." मी म्हटलं, अरे, असं का? माझ्या वाईटातल्या वाईट दिवसांत मी कडक इस्त्रीची साडी नेसले होते आणि सहा साड्या उशाशी काढून ठेवल्या होत्या. बुडालेल्या दिवसांत मी घातलेला गाऊन धुतलेला होता, फक्त तोच तो होता. त्याने वाद घातला नाही, खाली बसला आणि विचारत गेला. त्या मुलीला आम्ही दुसऱ्या अंकात नव्या कोऱ्या साड्या दिल्या, प्रत्येक प्रवेशाला वेगळी, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी जास्त भरजरी, आणि तिच्याखेरीज कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही अशा बेताने. तिसऱ्या अंकात एकच साडी, पाचही प्रवेशांत. तिला औषधं सुरू झाली आहेत असा संवाद होता. मी नटीला म्हटलं, पाण्याची बाटली हाताशी ठेव, तोंड कोरडं पडतं. ती आता प्रत्येक प्रयोगात दोन वाक्यांच्या मध्ये घोटभर पाणी पिते. परवा प्रयोग सुटल्यावर एक बाई विंगेत आल्या, त्यांनी नटीला नाटकाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "तुम्हालाही लिथियम आहे का?" नटीने माझ्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी ट्रंकेवर बसून अर्धा तास बोललो, थायरॉइडबद्दल, केसांबद्दल, त्यांच्या मुलाला हे कसं सांगायचं याबद्दल.

माझा स्वतःचा थायरॉइड लिथियमने मंदावला आहे, सकाळी त्याची वेगळी गोळी असते. क्रिएटिनिन अजून ठीक आहे. पुढच्या महिन्यात दोन्ही पुन्हा तपासायचे आहेत, पातळीसह, आणि तेव्हा आम्ही नागपूरच्या दौऱ्यावर असू. तिथे लिथियमची पातळी कुठे करतात आणि नमुना किती वाजेपर्यंत घेतात, हे अण्णांनी बुकिंगच्या चौकशीबरोबर आत्ताच विचारून ठेवलं आहे.